धर्मस्वातंत्र्यासाठी आलेल्यांनीच फाशी कशी दिली? प्युरिटन मंडळीबद्दल थोडं सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी अमेरिकेत आठवीत आहे. प्युरिटन लोक धर्मस्वातंत्र्यासाठी इंग्लंड सोडून इथे आले, असं तिला शाळेत शिकवलं. आणि पुढच्याच धड्यात त्याच लोकांनी बॉस्टनमध्ये क्वेकर पंथाच्या माणसांना फासावर चढवलं. "मग हे लोक ढोंगीच ना?" असं तिने विचारलं आणि तुम्हाला पटकन उत्तर सुचलं नाही. जोडीला पिलग्रिम आणि प्युरिटन एकच की वेगळे, हेही तुम्हाला हवंय.

मी काही प्राध्यापक नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये राहून बावीस वर्षं झाली आणि त्यातली बरीचशी इथल्या जुन्या चर्चच्या नोंदवह्या वाचून उतरवून काढण्यात गेली. त्यामुळे माझं उत्तर वहीतून वर बघणाऱ्या माणसाचं आहे, सिद्धांत मांडणाऱ्याचं नाही.

सोपं आधी उरकते. पिलग्रिम म्हणजे १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून प्लायमाउथला उतरलेले १०२ प्रवासी, त्यातही सगळे धर्मासाठी आलेले नव्हते. त्यांचा गाभा होता इंग्लंडच्या स्क्रूबी गावचा. या लोकांनी राजाच्या चर्चशी पूर्ण काडीमोड घेतला होता आणि दहा-बारा वर्षं हॉलंडमध्ये काढली होती. पहिल्याच हिवाळ्यात जवळपास निम्मे दगावले. प्युरिटन म्हणतो ते मुख्यतः त्यानंतरचे: १६३० साली वसाहतीचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप याच्याबरोबर ११ जहाजं आली, बॉस्टन वसलं, आणि पुढच्या दहा वर्षांत वीसेक हजार माणसं येऊन धडकली. यांचं म्हणणं, आम्ही इंग्लंडच्या चर्चमधून बाहेर पडलेलो नाही, ते शुद्ध करून दाखवतोय. राजाची सनद खिशात, पैसा बरा, वकील आणि केंब्रिजचे पदवीधर बरोबर. वसाहती दोन आणि स्वभावही दोन. पुढे १६९१ च्या सनदेने प्लायमाउथ मॅसॅच्युसेट्समध्ये विलीन झालं, म्हणून पाठ्यपुस्तकात सगळी खिचडी होते. (काळे कपडे आणि टोपीवर बक्कल हेही त्याच खिचडीतलं. काळा रंग महाग पडायचा, रोजच्या वापरात तपकिरी, लाल, हिरवं सगळं असायचं.)

आता ढोंगाचा प्रश्न. माझ्या मते अडचण 'चर्च' या शब्दापाशी आहे. मी मूळची नगरची, ख्रिस्ती घरातली, आजोबा पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते. आमच्या घरात 'चर्चला गेलो' कमी आणि 'मंडळीत विचारायला हवं', 'मंडळीने ठरवलं' जास्त ऐकू यायचं. मराठी बायबलमध्ये माणसांच्या त्या समूहाला मंडळी म्हटलंय. प्युरिटनांची कल्पना नेमकी हीच. इमारतीला ते चर्च म्हणतच नसत. ते नुसतं सभाघर, तिथे रविवारी उपदेश व्हायचा आणि सोमवारी गावाची बैठक. चर्च म्हणजे आपसात आणि देवाशी करार केलेली माणसं. 'करार' हा शब्दही आपल्याकडे तयारच आहे, जुना करार आणि नवा करार. हे दोन शब्द हाताशी धरले की प्युरिटनांचं निम्मं कोडं सुटतं, आणि इंग्रजीतून वाचणाऱ्यापेक्षा मराठी माणसाला लवकर सुटतं असा माझा अनुभव आहे.

हा योगायोगही नाही. प्युरिटनांच्या पुढच्या पिढ्यांना काँग्रिगेशनल म्हणू लागले. त्यांनी १८१० मध्ये मॅसॅच्युसेट्सला परदेशी मिशनचं बोर्ड काढलं आणि १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले. हीच अमेरिकन मराठी मिशन. १८३१ पासून तिचं काम नगरला, १८४२ पासून तिचं 'ज्ञानोदय' नियतकालिक. इथल्या वह्या पहिल्यांदा उघडल्या तेव्हा सभासदांची यादी, बाप्तिस्मे, शिस्तीची प्रकरणं हा क्रम मला ओळखीचा वाटला, तो यामुळेच.

मंडळी कशी जमायची याचं एक उदाहरण देते. बॉस्टनच्या नैऋत्येला डेडम नावाचं गाव आहे. गाव वसलं १६३६ मध्ये. गावकरी वेगवेगळ्या भागांतून आलेले, एकमेकांना नीट ओळखतही नव्हते. गाव झालं म्हणून चर्च झालं असं तिथे घडलं नाही. दर आठवड्याला आळीपाळीने एकेकाच्या घरी बसायचं, एखादा प्रश्न घ्यायचा, प्रत्येकाने बोलायचं. मग पहिले सभासद कोण व्हावेत यावर चर्चा, त्यात एकेकाची तपासणी, काहींना थांबायला सांगणं. असं करत १६३८ च्या नोव्हेंबरात मोजक्या माणसांनी करार करून मंडळी स्थापन केली आणि पुढच्या वर्षी जॉन ॲलिन पाळक झाले. म्हणजे जमीन वाटून झाली, घरं उभी राहिली, पण मंडळीला दोन वर्षं लागली.

नंतर येणाऱ्यालाही दार सताड उघडं नसायचं. साधारण १६३६ पासून बहुतेक ठिकाणी प्रथा पडली की देवाच्या कृपेचा आपल्याला काय अनुभव आला हे उमेदवाराने मंडळीसमोर सांगायचं. बॉस्टनजवळच्या केंब्रिज गावच्या थॉमस शेपर्ड या पाळकाने अशी पन्नासेक कथनं स्वतःच्या हाताने लिहून ठेवली. त्यात व्यापारी आहेत, विधवा आहेत, मोलकरणीही आहेत. वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: कोणीही छातीठोकपणे 'माझा उद्धार झाला' असं म्हणत नाही. आशा वाटली, मग शंका आली, उपदेशातलं एक वाक्य मनाला लागलं, मूल गेलं तेव्हा पुन्हा सगळं ढासळलं, अशी ती बोलणी. फार खात्रीने बोलणाऱ्यावरच संशय यायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वहीतली एक गंमत मध्येच सांगते, मुलीला आवडेल. महिन्यांची नावं रोमन देवांची म्हणून हे लोक ती लिहायचे नाहीत, आकडे लिहायचे. 'पहिला महिना' म्हणजे मार्च, आणि नवं साल लागायचं २५ मार्चला. इथली स्वयंसेवक मंडळी यावर हटकून घसरतात. मला चैत्राची सवय, त्यामुळे काही अवघड गेलं नाही. 'अकरावा महिना, १६३५' असं दिसलं की आजच्या हिशेबाने तो १६३६ चा जानेवारी. तुम्हाला एकाच घटनेला दोन पुस्तकांत दोन सालं दिसली असतील तर बहुधा कारण हेच.

मंडळीत नसलेल्यांचं काय? त्यांनाही रविवारी उपदेशाला यावंच लागे, न आल्यास दंड. पण प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याचा विधी) फक्त सभासदांना, बाप्तिस्मा सभासदांच्याच मुलांना, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये १६३१ पासून वसाहतीच्या निवडणुकीत मतही सभासद पुरुषांनाच. याला लोक 'धर्मगुरूंचं राज्य' म्हणून मोकळे होतात, पण पाळकाला सरकारी पद घेता येत नसे. लग्न पाळक लावत नसे, ते सरकारी अधिकाऱ्यासमोर व्हायचं, कारण लग्न हा दिवाणी करार. अंत्यविधीलाही प्रार्थनाविधीचा थाट नाही. नाताळ तर बायबलात नाही म्हणून १६५९ ते १६८१ पर्यंत बंदच, साजरा केला तर पाच शिलिंग दंड.

आतापर्यंतचा मुद्दा दोन वाक्यांत: मंडळी म्हणजे निवडून, तपासून, करार करून जमलेली माणसं, आणि तिच्याभोवती बाकीचं गाव. त्या संपूर्ण गावाने देवाशी केलेला करार पाळायचा, मोडला तर कोप सगळ्यांवर, अशी त्यांची पक्की समजूत.

यातून पुढचं सगळं निघतं. कोणी चुकीची शिकवण पसरवली तर तो त्याचा खासगी मामला राहत नाही, धरण फोडल्यासारखं होतं. म्हणून 'सगळ्यांना धर्मस्वातंत्र्य' असं वचन त्यांनी कधी दिलंच नाही. नॅथॅनिएल वॉर्ड हा इप्सविचचा पाळक, वसाहतीचा १६४१ चा हक्कांचा कायदा लिहिणारा. त्याने १६४७ मध्ये छापून सांगितलं की इतर पंथवाल्यांना आमच्याकडे एक स्वातंत्र्य पूर्ण आहे, आमच्यापासून लांब राहण्याचं. वाक्य उद्धट आहे, पण त्यात ढोंग कुठेय? बोलले तसे वागले. तुमच्या मुलीच्या प्रश्नाला माझं थेट उत्तर हेच: ढोंगी हा शब्द त्यांना बसत नाही. क्रूर बसेल, आणि तो त्यांच्या काही समकालीनांनीही वापरला असता. त्यांना हवं होतं ते आपल्या पद्धतीने उपासना करण्याचं स्वातंत्र्य, आणि 'आपल्या'मध्ये कोण बसतं हे मंडळी ठरवणार.

रॉजर विल्यम्सला १६३५ च्या ऑक्टोबरात हद्दपारीची शिक्षा झाली. गंमत अशी की तो प्युरिटनांपेक्षा जास्त प्युरिटन होता. मंडळी शुद्ध हवी ना, मग सरकारने धर्मात हात घालूच नये, नाहीतर मंडळी नासते, असा त्याचा तर्क. वर तो हेही म्हणाला की इथली जमीन इंग्लंडच्या राजाची नाहीच, तर त्याची सनद कसली. दुसरा मुद्दा पहिल्याइतकाच झोंबला असणार. जानेवारीत, भर बर्फात तो निसटला, नॅरागॅन्सेट या मूळ रहिवाशांच्या मुलखात गेला आणि प्रॉव्हिडन्स वसवलं. त्यांची भाषा शिकून त्यावर त्याने पुस्तकही लिहिलं.

ॲन हचिन्सन ही सुईणीचं काम करणारी, बऱ्याच लेकरांची आई. तिच्या घरी उपदेशावर चर्चा करायला बायका जमत, मग पुरुषही येऊ लागले. वसाहतीतले बहुतेक पाळक कर्मावर भर देतात, कृपेवर नाही, असं ती बोलते असा आरोप आला. १६३७ च्या नोव्हेंबरात खटला. कागद वाचले तर ती दिवसभर कोर्टाला पुरून उरली. शेवटी तिने स्वतःच सांगितलं की देव माझ्याशी थेट बोलतो. इथे शेपर्डच्या वहीतली ती चाचपडणारी माणसं आठवा. खात्री, तीही थेट, तीही मंडळीच्या तपासणीवाचून! शिक्षा ऐकून तिने विचारलं, मला का घालवता? विन्थ्रॉप म्हणाला, "पुरे. कोर्टाला कारण माहीत आहे आणि कोर्टाचं समाधान झालं आहे." पुढच्या मार्चमध्ये मंडळीनेही तिला बाहेर काढलं. आपल्याकडच्या वाळीत टाकण्याशी लोक याची तुलना करतात. साम्य आहे, पण बाहेर काढलेल्यालाही रविवारी उपदेशाला यायची सक्ती असायची, हा फरक.

त्या दिवशी ॲनबरोबर उठून सभाघराबाहेर चालत गेलेली बाई म्हणजे मेरी डायर. पुढे ती इंग्लंडला जाऊन क्वेकर झाली. क्वेकर तर म्हणत की प्रत्येकात दैवी प्रकाश आहे, पाळक नको, बाप्तिस्मा नको. म्हणजे मंडळीची गरजच संपली. १६५६ पासून कायदे झाले: दंड, फटके, कान कापणं, आणि १६५८ मध्ये हद्दपार केलेला परत आला तर मृत्यू. ते परत आले, मुद्दाम आले. २७ ऑक्टोबर १६५९ ला दोघांना फाशी झाली. मेरीच्या गळ्यातही दोर पडला होता, आणि मग तिला सोडलं. पुढच्या वसंतात ती परत बॉस्टनला आली. १ जून १६६० ला तिला फाशी दिली. १६६१ मध्ये चौथी फाशी झाली आणि त्याच वर्षी राजा दुसऱ्या चार्ल्सचं पत्र येऊन हा प्रकार थांबला. आज बॉस्टनच्या स्टेट हाउससमोर ॲन आणि मेरी दोघींचे पुतळे आहेत.

पण फाशी देणारे ते 'प्युरिटन' असं सरसकट म्हणू नका. कुठली वसाहत आणि कुठलं दशक यावर बरंच अवलंबून आहे. फाशी फक्त मॅसॅच्युसेट्स बेने, म्हणजे बॉस्टनच्या वसाहतीने, दिली. प्लायमाउथने क्वेकरांना दंड केला, फटके मारले, पण फाशी नाही. कनेक्टिकटमध्ये हार्टफर्डकडे गेलेल्या थॉमस हूकर या पाळकाच्या लोकांनी मताला सभासदत्वाची अट घातली नाही, तर न्यू हेवनने घातली. ऱ्होड आयलंडला, म्हणजे विल्यम्सच्या वसाहतीत, तर क्वेकर सुखाने राहिले, विल्यम्सला त्यांची मतं अजिबात पटत नसतानाही. मुलीच्या निबंधात प्रत्येक वाक्यात 'कुठे आणि कधी' आलं तरी शिक्षिका खूश होतील. सेलमचे १६९२ चे चेटकीण खटले, ज्यात १९ जणांना फाशी झाली, ते यात मिसळू नका. तो वेगळा काळ, वेगळी भीती.

मला स्वतःला सगळ्यात जड जाणारं पान क्वेकरांचं नाही, नेटिकचं आहे. जॉन एलियट नावाचा पाळक स्थानिक लोकांची भाषा शिकला. १६५१ मध्ये नेटिक हे ख्रिस्ती झालेल्या मूळ रहिवाशांचं गाव वसलं. १६६३ मध्ये त्यांच्या भाषेत पूर्ण बायबल छापलं. अमेरिकेत छापलेलं पहिलं बायबल ते हेच, इंग्रजी नव्हे. छपाईवर त्यांच्यातलाच, जेम्स प्रिंटर नावाने ओळखला जाणारा निपमक तरुण काम करत होता. या लोकांनी १६५२ मध्ये पाळकांसमोर आपापली कथनं सांगितली, अगदी इंग्रजांनी सांगायची तशी. उत्तर मिळालं: अजून नाही. नेटिकची मंडळी स्थापन झाली १६६० मध्ये. डेडमला दोन वर्षं, यांना नऊ. आणि १६७५ ला इंग्रज आणि मूळ रहिवासी यांच्यात युद्ध पेटलं तेव्हा याच ख्रिस्ती लोकांना उचलून बॉस्टन बंदरातल्या डिअर आयलंडवर नेऊन ठेवलं. हिवाळा, निवारा नाही, अन्न नाही, पुष्कळ मेले. करार केला होता, तपासणी झाली होती, प्रभुभोजनाला बसले होते. तरी वेळ आल्यावर ते 'आपल्या'त बसले नाहीत. मुलीला ढोंग शोधायचंच असेल तर ते मला इथे दिसतं. फाशीच्या मैदानात नाही दिसत.

व्यवस्था मोडली ती मात्र घरातूनच. पहिल्या पिढीच्या मुलांचे बाप्तिस्मे झाले, ती मोठी झाली, पण पुष्कळांना उभं राहून सांगण्यासारखा अनुभवच येईना. मग त्यांच्या मुलांचा बाप्तिस्मा करायचा की नाही? नातवंडांना दाराबाहेर ठेवणं आजोबांना जड जायला लागलं. १६६२ मध्ये तोडगा निघाला, त्याला अर्धा करार म्हणतात: नातवंडांचा बाप्तिस्मा होईल, पण आईबापांना प्रभुभोजन नाही, मंडळीत मत नाही. यावरून बॉस्टनची पहिली मंडळी फुटली. वह्यांत या काळातली शाई बघितली तरी कळतं, पानंच्या पानं वाद. पुढे १६९१ च्या सनदेने मतदानाचा सभासदत्वाशी संबंध तोडला, मालमत्तेशी जोडला, आणि कॅथलिक सोडून बाकी ख्रिस्ती पंथांना मोकळीक दिली. लंडनहून आलेला निर्णय होता तो, प्युरिटनांना कोणी विचारलं नव्हतं.

निबंधासाठी एकच गोष्ट करायची असेल तर मुलीला बॉस्टनजवळच्या हिंगमला न्या. १६८१ चं सभाघर अजून उभं आहे, त्या काळातलं उरलेलं एकमेव. आत शिरल्यावर मान वर करा. छताची लाकडं उलट्या जहाजासारखी दिसतात. क्रूस आणि वेदी त्यांनी मुद्दाम ठेवलीच नव्हती, मुख्य जागा व्यासपीठाची. बाकं नंतरची आहेत. मुळात साध्या बैठका, बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे, आणि कोण पुढे बसणार हे गाव ठरवणार. शेगडी नाही. जानेवारीत सकाळी एक उपदेश आणि दुपारी दुसरा, वाळूचं घड्याळ उलटं करून पुन्हा सुरू. स्तोत्रं वाद्याशिवाय, एकाने ओळ सांगायची, सगळ्यांनी म्हणायची. तिथे दहा मिनिटं गप्प बसू द्या तिला.

आणि वेळ उरला तर परतताना डेडम. तिथे एक चौकशी करण्यासारखी गोष्ट आहे. १८१८ मध्ये गावाने नवा पाळक नेमला, तो मंडळीतल्या बहुसंख्य सभासदांना नको होता. सभासद म्हणाले, चर्च म्हणजे आम्ही. गाव म्हणालं, कर आम्ही भरतो. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च कोर्टात गेलं आणि १८२० मध्ये निकाल लागला की मालमत्ता गावाच्या बाजूची. करार केलेल्या मंडळीच्या हाती काहीच उरलं नाही, समोरच त्यांनी दुसरं चर्च बांधलं होतं. त्याला नाव आहे ॲलिनचं, डेडमच्या त्या पहिल्या पाळकाचं. जुनं चर्च आता युनिटेरियन, म्हणजे त्रैक्य न मानणाऱ्या उदार पंथाचं, आहे. दोन्ही अजून रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर उभी आहेत, गाडी मध्येच कुठेतरी लावता येते.